गंगेवर, कारणावाचून

मराठवाड्यातला माणूस ‘गंगेवर जाऊन आलो’ असे म्हणतो, तेव्हा तो काशीला किंवा हरिद्वारला गेला होता अशी समजूत करून घेऊ नका. आमची गंगा म्हणजे गोदावरी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तिथे सहज म्हणून कोणी जात नाही. घरातले माणूस गेलेले असते, नवस फेडायचा असतो, नाहीतर अधिक महिना असतो आणि पुरुषोत्तमपुरीला स्नान करायचे असते. तीर्थाला जायला कारण लागते. मी गेलो तो पाठीवर एक सॅक घेऊन, एस.टी.ने, नुसता पाहायला.

नेकनूर हे माझे गाव मांजरसुंबा–केज रस्त्यावरचे, बालाघाटाच्या पठारावरचे. बंकटस्वामींच्या मठामुळे वारकऱ्यांना ते परिचित आहे. पाठीवर ओझे घेऊन नदीकाठच्या क्षेत्राला निघणे आमच्या गावाला नवीन नाही. आषाढीला माणसे चंद्रभागेकडे निघतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक धोतर, एक पंचा आणि टाळ एवढेच असते. तरुण परदेशी प्रवासी काशीच्या घाटांवर अशाच जुजबी सामानानिशी हिंडताना तुम्ही चित्रपटांतून पाहिले असतील. सामान सारखेच, फरक विचारपुशीचा आहे. वारकऱ्याला ‘कशाला निघालात?’ असे कोणी विचारत नाही.

मला ते पहिल्याच मुक्कामी, राक्षसभुवनला, विचारले गेले. शनीच्या देवळापासून नदीकडे उतरत होतो. घाटावर बसलेल्या गुरुजींनी सॅककडे पाहिले आणि अगदी सौम्य स्वरात म्हटले, “कोणाचं आहे? अस्थी की दहावा?” कोणाचेच नाही, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली. पण ते उत्तर त्यांच्या वहीत बसणारे नव्हते.

वैशाखाचे दिवस होते. पात्रात खडक उघडे पडले होते आणि मधूनमधून डबकी होती. याच ठिकाणी 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजाम स्वतः नदी उतरून पलीकडे गेला होता, मागे राहिलेल्या विठ्ठल सुंदरच्या फौजेला पुरामुळे पलीकडे जाता येईना, आणि ती इथेच कापली गेली. एका लढाईचा निकाल लावणारे पाणी आज कुठे आहे, हा प्रश्न त्या खडकांवर उभे राहिल्यावर टाळता येत नाही. जवळच्या पांचाळेश्वरला, महानुभावांच्या आत्मतीर्थावर, दत्तात्रेय रोज दुपारी भोजनाला येतात अशी श्रद्धा आहे. मी दुपारीच पोहोचलो. देवळात थंडावा होता. बाहेर नदी तापलेल्या दगडांची होती.

पाण्याचे उत्तर पैठणला मिळते. 1976 साली पुरे झालेले जायकवाडीचे धरण गावाच्या वरच्या अंगाला आहे. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या त्या भिंतीमागे नाथसागर, आणि भिंतीखाली एकनाथांचे गाव. त्या पाण्याने आमच्या शेतांना कालवे दिले, शहरांना नळ दिले. म्हणून धरणाला नावे ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या पठारावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथून आलेल्या माणसाने तर मुळीच ठेवू नयेत. तरीही घाटावर बसले की नाथांची ती कथा आठवते. काशीहून रामेश्वरासाठी कावडीने आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. कथा ऐकताना आपले लक्ष नाथांच्या भूतदयेकडे असते. मी प्रथमच कावडीकडे पाहिले. इतक्या दूरवर खांद्यावर पाणी वाहून नेणारा माणूस प्रवासात काय काय पाहत असेल? त्यालाही वाटेतली गावे, झाडे, माणसे दिसतच असतील. केवळ खांद्यावर पाणी होते, म्हणून त्याच्या पाहण्याला कोणी हरकत घेतली नाही.

हे मला सुचले, कारण माझ्याही सॅकमध्ये एक रिकामी बाटली होती. निघताना शेजारच्या मावशींनी ती दिली होती. त्या वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. “गंगेवर चाललास ना बाबा, मग तेवढी भरून आण. शेवटाला तोंडात घालायला घरात असावी.” घराघरांत फळीवर असे गंगाजलाचे गडू पूर्वी असत, आता बाटल्या असतात. राक्षसभुवनला ती भरावी असे पाणी दिसले नाही. पैठणला नळाच्या पाण्याने भरून घेतली असती तरी मावशींना कळले नसते. धरणातलेच पाणी ते, म्हणजे गंगेचेच. पण हात गेला नाही.

शेवटी माजलगाव तालुक्यातल्या मंजरथला गेलो. बालाघाटाच्या उत्तर उतारावरचे पाणी घेऊन येणारी सिंदफणा तिथे गोदावरीला मिळते. संगमावर पाणी होते. हिरवट, संथ, पण चांगले गुडघाभर. काठावर दोन कुटुंबांचे पिंडदान चालले होते. मी बाटली बुडवली, तेव्हा एक वृद्ध उपाध्याय जवळ आले.

“कोणासाठी नेता?”

“गावाकडं एक मावशी आहेत.”

“देवापाशी ठेवायला सांगा. प्यायचं नाही हे. उन्हाळ्याचं साचलेलं आहे.”

ते कशासाठी हवे आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, उन्हात धरून पाहिली, ओतून दिली. मग स्वतः धोतर सावरून आणखी चार पावले आत, जिथे धार थोडी हलती होती तिथपर्यंत गेले आणि ती पुन्हा भरून आणली.

“त्याला चालेल,” ते म्हणाले.