कसेल त्याची

आमच्या गावच्या घरी पडवीतल्या वाशाला एक नांगर टांगलेला आहे. त्याचा फाळ झिजून झिजून चार बोटांवर आला आहे. लोकांच्या घरी वाडवडिलांच्या तसबिरी असतात, आमच्या घरी हा नांगर आहे. खंडेनवमीला तो खाली उतरवायचा, धुवायचा, तेलाचे बोट लावायचे, झेंडूचे फूल वाहायचे आणि पुन्हा वर चढवायचा. लहानपणी मला वाटे, जसे घरोघरी जाते असते तसा घरोघरी एक टांगलेला नांगरही असतो.

घर कर्जत तालुक्यात, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर. मावळतीला माथेरानचा डोंगर. पावसाळ्यात तो डोंगर दिसतच नाही, नुसता त्याच्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येतो. जमीन तीन एकर आणि वर काही गुंठे, सगळी भाताची. ही जमीन आमची नव्हती. आजा कूळ होता, अर्धेलीने करी. खळ्यावर भाताची रास पडली की अर्धी रास धन्याच्या घरी जाई, आणि उरलेल्या अर्धीतून मागल्या वर्षीची उसनवारी फिटे. कूळकायदा १९४८ चा. १९५६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. किंमत सरकारी आकाराच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत, ती हप्त्यांनी भरायची. पण कायदा झाला म्हणजे जमीन झाली असे नसते. तारखा पडतात, पुढे ढकलल्या जातात, आणि चालत कर्जत गाठणाऱ्या माणसाचा दर तारखेला एक दिवस बुडतो.

अशा एका तारखेला आजाबरोबर माझा दादा गेला होता. तो तेव्हा चौदा वर्षांचा, मी नऊ वर्षांची. धन्याच्या बाजूने सांगण्यात आले की जमीन धनी स्वतःच कसतात, हा नुसता गडी. साहेबांनी आजाला विचारले, "तुम्हीच कसता, ह्याला पुरावा काय?" आजाने घोंगडीत गुंडाळून आणलेला फाळ काढला आणि मेजावर ठेवला. म्हणाला, "हा झिजलाय. कोणाच्या हातात झिजला, ते त्यालाच विचारा." साहेब हसले, म्हणे. निकाल लागला तो बांधावरच्या शेजाऱ्यांनी खऱ्या साक्षी दिल्या म्हणून लागला असणार, हे मला पुढे कळत्या वयात समजले. पण घरात सगळे श्रेय फाळाला मिळाले. तोच हा वाशाला टांगलेला नांगर.

हे सगळे आधी सांगण्याचे कारण असे की माझ्या पुतण्याने नांगरणी बंद केली. त्याने नेमके काय मोडले, हे त्यावाचून कळायचे नाही.

भाताची शेती ज्यांनी केवळ आगगाडीच्या खिडकीतून पाहिली आहे त्यांना ती फार देखणी वाटते. मी ती गुडघाभर चिखलातून पाहिली आहे. शिमग्याच्या पुढेमागे राब भाजायचा. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडून आणायच्या, खाली शेण, वर फांद्या, पालापाचोळा, गवत, त्यावर माती पसरून पेटवायचे. वैशाखात आमच्या बाजूचे ऐन पाहिले तर हातपाय तोडलेल्या माणसांसारखे उभे दिसत. मग पाऊस, रोपे, नांगरणी, चिखलणी आणि लावणी. लावणी म्हणजे पंधरा दिवस कंबरेत मोडून उलट्या पावली चालणे. वर इरले, खाली पाणी, बोटांच्या बेचकीत चिखल्या. रात्री आई चुलीजवळ बसून चिखल्यांवर कढत तेल लावी. ती कण्हत नसे, पण तेल लागताना तिचा श्वास क्षणभर थांबे, तो थांबलेला श्वास मला अजून ऐकू येतो. साठीच्या पुढे ती सरळ उभी राहूच शकली नाही. लोक म्हणत, म्हातारपण. म्हातारपण नव्हे, लावणी.

मी शिकले, ठाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, तिथलीच झाले. वडील गेल्यावर दादाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. दर वर्षी तांदळाचे एक पोते येई, तेवढाच माझा जमिनीशी संबंध. दादाने जमीन उत्तम केली. बांध आरशासारखे, खाचर पाटासारखे सपाट. पुढे बैल ठेवणे परवडेना. भाड्याचे यंत्र आले, त्याला सगळे 'टिलर' म्हणतात. कूळकायद्याच्या इंग्रजी कागदांत कृषक दिनाला 'टिलर्स डे' म्हटले आहे. तेव्हा टिलर म्हणजे माझा आजा होता, आता टिलर म्हणजे तासाच्या भाड्याने येणारे एक धूर ओकणारे यंत्र. मला ह्याची गंमत वाटते. दादाला वाटत नाही.

पुतण्या पनवेलला एका कारखान्यात नोकरीला होता. २०१५ साली तो ती सोडून घरी आला. तेव्हा आमच्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला होता. शेजारच्या तीन खातेदारांनी जमिनी विकल्या होत्या. तिथे आता भिंती आहेत, भिंतींच्या आत हिरवळ आहे आणि शनिवारी-रविवारी माणसे. दादाला धास्ती की पोरगा विका म्हणेल. पोराने विकायचे नाव काढले नाही. तो नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांची भाताची नवी रीत पाहून आला होता. एकदाच काय ते गादीवाफे करायचे, मग ते कधी मोडायचे नाहीत. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साचा दाबून वाफ्यावर सारख्या अंतराने भोके पाडायची, त्यात चार-चार दाणे टोकायचे. कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यायची. ती कुजतात, त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात, त्यांतून हवा आणि पाणी खाली जाते. त्याच वाफ्यावर हिवाळ्यात वाल. पोरगा ह्याला 'पुनरुज्जीवक शेती' म्हणतो. शब्द जडच आहे. दादाने त्याचा कधी उच्चार केला नाही. तो म्हणे, "त्याची ती बिननांगराची."

तो वाद मी दोघांच्याही तोंडून ऐकला. हक्कसोड केलेल्या माणसाला मत नसते, आणि ज्याला मत नाही त्याच्यापाशी दोन्ही पक्ष येऊन मन मोकळे करतात. पोरगा म्हणे, "आत्या, तूच शाळेत शिकवलंस ना? जमीन उकरली की तिच्यातलं कुजलेलं सगळं हवेशी जळून जातं. चिखल करून करून खाली फरशी झालीय नुसती." आणि दादा मला म्हणाला, तेही रात्री अंगणात, हळू आवाजात, "अगं, कसेल त्याची जमीन. आम्ही कसली म्हणून आमची झाली. आता हा कसणारच नाही. मग ती कोणाची?"

ह्यावर मला काही बोलता आले नाही. मी विज्ञानाची शिक्षिका. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर एक आख्खे पुस्तक लिहिले, आणि नांगराच्या कितीतरी आधीपासून गांडुळे जमीन नांगरीत आली आहेत असे त्यात दाखवले, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितले होते. पण गांडूळ काही कचेरीत जाऊन साक्ष देत नाही. ज्या माणसाच्या मनात नांगर हाच सातबारा आहे, त्याला नांगर ठेव म्हणणे म्हणजे घर सोड म्हणण्यासारखे आहे. माझे ज्ञान बरोबर होते आणि दादाचे दुःखही बरोबर होते.

शेवटी दादाने त्याला वीस गुंठे दिले. नदीकडचे, सगळ्यांत वाईट. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते. २०१६ च्या जूनमध्ये पोराने तिथे दाणे टोकले. गाव बघायला आले आणि हसून गेले. तण माजले, खेकड्यांनी वाफे पोखरले, भात दादाच्या खाचराहून एकरी चार पोती कमी आले. त्या वर्षी बाप-लेक एका पंगतीला बसत नसत. वहिनी दोनदा ताटे वाढी. दुसऱ्या वर्षी उतारा थोडा बरा. खर्च मात्र निम्म्याने कमी, पण खर्च वाचलेला कोणाला दिसत नाही, पोती दिसतात.

मग २०१९ चा जुलै आला. २६ तारखेच्या रात्री उल्हास नदी चढली. दुसऱ्या दिवशी वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले, हे पुष्कळांच्या लक्षात असेल. त्याच पाण्यात आमची शेते होती. पाणी ओसरल्यावर दादा बांधावर गेला. त्याची लावणी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. चिखलात नुकती रोवलेली रोपे, ती चिखलासकट गेली. पोराच्या वाफ्यांवर गाळ बसला होता, भात आडवे झाले होते, पण मुळे सुटली नव्हती. आठ दिवसांनी ते पुन्हा उभे राहिले. दादाने तेव्हा पोराला शाबासकी दिली असे तुम्हाला वाटेल. तो इतकेच म्हणाला, "वरच्या खाचरात वाफे कधी काढणार?"

म्हणजे सगळे गोड झाले असे नाही. ह्या रीतीत कापणीनंतर फुटणारे धसकटाचे कोंब आणि तण मारायला बहुतेक जण ग्लायफोसेट फवारतात, आमचा पोरगाही फवारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात टाकले. इतर ठिकाणच्या तज्ज्ञांचे मत वेगळे आहे, हे मला ठाऊक आहे. तरी गांडुळांसाठी नांगर ठेवायचा आणि त्याच मातीवर विष फवारायचे, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी बोलले. तो चिडला. म्हणाला, "मग तण काढायला माणसं दे." गेली दोन वर्षे तो निम्म्या शेतात फवारीत नाही, पेंढा पसरतो आणि उरलेले हाताने उपटतो. उरलेल्या निम्म्यावर आमचे एकमत झालेले नाही.

आणि दुसरी एक गोष्ट. डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली एक बाई चाळीस वर्षे आमच्या लावणीला येई. माझ्या आईच्या शेजारी तिने लावणी केली, पुढे वहिनीच्या शेजारी केली. गेल्या वर्षी ती आळंब्या घेऊन आली तेव्हा मी हौसेने विचारले, "आता कंबरेला बरं ना?" ती म्हणाली, "कंबर वाचली बाय. पण पंधरा दिवसांची मजुरी गेली ना." मग आळंब्यांची किंमत सांगितली. मी घासाघीस केली नाही.

आता सगळ्या जमिनीत वाफे आहेत. गेल्या पावसात पोराच्या लेकीने, ती सात वर्षांची आहे, मला हात धरून नेले आणि फूटभर चौरस माती उकरून दाखवली. चौदा गांडुळे निघाली. भिंतीपलीकडच्या हिरवळीत तिला उकरू दिले नाही, नाहीतर तिथलीही मोजली असती. डोंगरउतारावरच्या ऐनांना आता फांद्या आहेत. माझ्या आयुष्यात मी ते असे भरलेले कधी पाहिले नव्हते.

फक्त घरामागचे दोन गुंठे तसेच ठेवले आहेत. ते दादाचे. दर जूनला तो शेजारच्या गावातून बैलजोडी मागून आणवी, वाशाचा नांगर उतरवी आणि तेवढा तुकडा नांगरी. तीन-चार फेऱ्यांत काम आटपे, पण तो अर्धा दिवस पुरवी. त्यात जुने भात पेरी, पोतेभर येई, ते कोणी विकत नसे. पोरगा त्या तुकड्याबद्दल कधी काही बोलला नाही.

ह्या वर्षी जोडी मिळाली नाही. ज्याची होती त्याने बैल विकले. पोरगा म्हणाला, टिलर सांगू का. दादा नको म्हणाला. दोन दिवस पडवीत वर वाशाकडे पाहत बसला. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला तशी त्याने कुदळ उचलली आणि घरामागे गेला. ऐंशीच्या घरातला माणूस. चार घाव घालायचा आणि कुदळीवर हात टेकून उभा राहायचा. वहिनी आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. थोड्या वेळाने पोरगा वरच्या शेतातून आला. काही न बोलता त्याने टिकाव घेतला, आणि ज्या माणसाने नऊ वर्षे मातीला लोखंड लागू दिले नाही तो बापाच्या शेजारी उभा राहून माती खणू लागला. दोघांत बोलणे काही नव्हते, नुसते घाव ऐकू येत होते, एक जड आणि एक हलका.

वहिनी म्हणाली, "दोघे मिळून दोन गुंठे नासताहेत. जा, चहा देऊन ये."

मी दोन कप घेऊन गेले.