सेलूहून घुमानला, एकटीनं

नरसी नामदेव आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, त्यामुळं नामदेव महाराज आम्हाला घरचेच. ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, हे कीर्तनात कितीदा ऐकलेलं. 2015 च्या एप्रिलमध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा ते गाव नकाशावर शोधलं आणि एकदा जायचंच असं मनात धरलं. निवृत्त झाल्यावर सोबत शोधू लागले. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचे गुडघे, कुणाच्या घरून परवानगी नाही. शेवटी एकटीचं तिकीट काढलं.

तोवरचा माझा भारत म्हणजे पंढरपूर, पुणे आणि तिरुपती, आणि तोही कायम कुणाच्या तरी मागं चालत पाहिलेला. जाऊबाई म्हणाल्या, “एकटीच जायलीस? अन् तिकडं काही झालं म्हंजे?” पुण्याहून लेकाचा फोन, “आई, टूरवाल्यांबरोबर जा ना.” दोघांनाही एकच उत्तर दिलं, गाडी थेट आहे. नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस आपल्याच भागातून जाते. मध्ये बदलायची नाही, उतरायचं ते शेवटच्या स्टेशनावर.

तयारी मात्र नीट केली. जानेवारीत उत्तरेकडं धुकं असतं, गाड्या तासन् तास लांबतात. म्हणून फेब्रुवारीचा मध्य धरला. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी केलं. पंचेचाळीस वर्षांवरची बाई एकटी जात असेल तर खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, हे खिडकीवरच्या बाबूनं सांगितलं. साठीच्या आसपासच्या बायांना पूर्वी निम्म्या तिकिटाची सवलत होती, ती 2020 च्या मार्चपासून बंद आहे. पूर्ण पैसे मोजले. आधार कार्ड जवळ ठेवलं. पैसे दोन ठिकाणी. घरचे नंबर आणि रेल्वेचा 139 एका कागदावर लिहून ब्लाऊजच्या खिशात, कारण फोनची बॅटरी संपली तर एकही नंबर पाठ नसतो. अमृतसरच्या सराईत एकट्या माणसाला खोली मिळेलच असं नाही, असं कळलं होतं. म्हणून हरिमंदिर साहिब गुरुद्वाऱ्याजवळच्या एका साध्या लॉजला आधीच फोन करून “रात्री उशिरा येईन” म्हणून सांगून ठेवलं. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधली. आणि नांदेडच्या एका ओळखीच्या बाईंच्या सांगण्यावरून एक रिकामं स्टीलचं ताट पिशवीत घातलं.

आदल्या रात्री परभणीला भावाकडं मुक्काम केला आणि तिथूनच गाडीत बसले. खिडकीतून काढणीला आलेली ज्वारी, मग आमचं सेलू, परतूर, जालना. भुसावळला अंधार झाला. नर्मदा कधी ओलांडली ते कळलं नाही. झोप मात्र लागली. समोरच्या बर्थवर नांदेडहून दर्शन करून परतणारं शीख कुटुंब होतं. त्यातल्या आजींनी “बहनजी, सो जाओ, मैं जाग रही हूँ” म्हटलं आणि माझी बॅग स्वतःच्या पायाशी ओढून घेतली.

सकाळी ग्वाल्हेरच्या पुढं चंबळ लागली. आमच्या सपाट काळ्या रानाला सरावलेल्या डोळ्यांना त्या मातीच्या उंच-सखल घळी पाहून नवल वाटलं. दुपारी दिल्लीला ताटाचा उलगडा झाला. सेवेकरी बादल्या घेऊन डब्यात चढले. कढी-भात, छोले, कुणालाही, फुकट. डब्यातल्या प्रत्येकानं आपापलं ताट काढलं, मीही काढलं. भांडं मात्र ज्याचं त्यानं आणायचं. या गाडीत वाटेतल्या काही स्टेशनांवर असा लंगर कित्येक वर्षं चालतो. माझ्या दोन दशम्या त्या आजींनी मागून घेतल्या, त्यांच्या नातवाला चटणी तिखट लागली.

हरियाणा-पंजाबात दोन्ही बाजूंना हिरवा गहू आणि मध्येच पिवळी मोहरी. दिवसाचं ऊन असूनही संध्याकाळी शाल काढावी लागली. अमृतसरला रात्री रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवलं, लॉजच्या माणसाशी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं आणि मगच बसले. सकाळी हरिमंदिर साहिबला डोकं झाकून, पाय धुऊन आत गेले. लंगरमध्ये जमिनीवर पंगतीत बसले. शेजारी कोण, कुठली, हे कुणी विचारलं नाही.

घुमान गुरदासपूर जिल्ह्यात. अमृतसरहून बसनं मेहता चौकमार्गे गेले. बसमध्ये एका सरदारजींनी विचारलं, कहाँ से? सेलू म्हटलं, परभणी म्हटलं. त्यांना काहीच बोध होईना. “नांदेड के पास,” म्हटल्याबरोबर ते जागेवरून अर्धे उठले, “हजूर साहिब!” 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला ते आमचं नांदेड. घुमानला उतरल्यावर त्यांनी चहा पाजला आणि गुरुद्वाऱ्याच्या दारापर्यंत आणून सोडलं. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदं आहेत; तिथले लोक “बाबा नामदेव” म्हणून त्यांच्यापुढं वाकतात. नरसीच्या बाजूची बाई आलीय म्हटल्यावर ग्रंथींनी मला पुढं बसवून घेतलं. पाठातलं सगळं कळलं नाही, पण मध्येच “नामा” कानावर आलं आणि ते मात्र कळलं.

परतल्यावर शेजारणी विचारतात, भीती नाही वाटली? वाटली, अमृतसर स्टेशनाबाहेर रात्री वाटली. पण त्या वेळी कुठं जायचं, कुणाला फोन करायचा, पैसे कुठं आहेत हे ठरलेलं होतं, म्हणून पाय अडले नाहीत. सोबतीची वाट बघत बसलेल्या बायांना माझं सांगणं एवढंच. पहिला प्रवास थेट गाडीचा निवडा, पहिल्या रात्रीची खोली आधी पक्की करा, आणि ओळखीचं एखादं नाव जिथं पोचलंय असं गाव धरा. सचखंडनं जाणार असाल तर ताट विसरू नका.