पेडर रोडवर आधी काय गेलं?

पुणे,
जानेवारी अखेर

चि. सायली,


तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. त्याला फोनवर उत्तर देण्यात अर्थ नव्हता, म्हणून लिहायला बसले. शिवाय पत्रात मध्येच ‘आत्या, थांब हं, मीटिंग आहे’ म्हणायची सोय नसते.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय संपले. तू फुटपाथवर बसलीस आणि उरलेलं अंतर गाडीतून आलीस. दादा म्हणतो, मन कच्चं. तुझा कोच म्हणतो, मीठ कमी पडलं. मी मानसशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला, म्हणून आता तुला माझं तिसरं मत हवंय. त्या मेसेजमध्ये एक वाक्य तू घाईघाईत बोलून गेलीस. त्याच्याकडे मी नंतर येते, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

‘पाय संपले’ म्हणजे नेमकं काय संपलं, हा प्रश्न बराच जुना आहे. इटलीत तुरिनला आंजेलो मोस्सो नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांनी एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. हात पट्ट्यांनी जखडायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन, आणि ठरावीक तालावर बोट वाकवून ते वजन उचलत राहायचं. दर उचलीची एक रेघ फिरत्या कागदावर उमटते. रेघा आखूड होत जातात आणि शेवटी बोट हलायचं बंद होतं. १८९१ साली त्यांचं थकव्यावरचं पुस्तक आलं. त्यात मला सगळ्यांत आवडते ती त्यांचे सहकारी डॉ. माज्जोरा यांची नोंद. विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेऊन आल्यावर त्यांचं बोट लवकर थकायचं, परीक्षेआधीइतकं काम काही करायचं नाही. बोटाने तर दिवसभरात काहीच केलेलं नव्हतं! ज्यांनी ज्यांनी विद्यापीठाच्या तोंडी परीक्षा घेतल्यात त्यांना याचं मुळीच नवल वाटणार नाही.

पुढचं शतक मात्र स्नायूंचं झालं. १९२२ चं नोबेल मिळवणारे ए. व्ही. हिल आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी ऑक्सिजन, लॅक्टिक ॲसिड, हृदयाची क्षमता हे सगळं मोजलं, आणि माणूस का थांबतो याचं उत्तर रक्तात आणि मांसात शोधलं. तुझा कोच अजून त्याच शतकात राहतो. तिथलं सगळंच चूक आहे असंही नाही. बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्या माणसाची साखर खरोखरच संपत येते.

आता वेल्समधल्या बँगर विद्यापीठात ये. सामुएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला. सोळा जण. एका दिवशी त्यांना नव्वद मिनिटं संगणकापुढे बसवलं. पडद्यावर अक्षरं येत राहतात, विशिष्ट क्रमाने आली तर एक बटण, नाहीतर दुसरं. भयंकर कंटाळवाणं, पण डोळ्यांत तेल घालून करावं लागणारं काम. (तुझ्या नोकरीचं वर्णन तू साधारण असंच करतेस.) दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना तेवढाच वेळ माहितीपट दाखवले, एक ओरिएंट एक्स्प्रेसवरचा आणि एक फेरारीवरचा. दोन्ही दिवशी त्यानंतर स्थिर सायकलवर बसवून, आपल्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांवर जमेल तितका वेळ पायडल मारायला सांगितलं. माहितीपट पाहून आलेले सरासरी ७५४ सेकंद टिकले. बटणं दाबून आलेले ६४०. जवळजवळ दोन मिनिटांचा फरक, आणि तो समजावून सांगेल असं काही हृदयात, फुप्फुसांत किंवा रक्तात सापडलं नाही.

फरक सापडला तो ‘किती जड जातंय?’ या प्रश्नाच्या उत्तरात. हा प्रश्न विचारायची एक पट्टी आहे, स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची. ती सुरू होते सहापासून आणि संपते वीसला. विद्यार्थी दरवर्षी विचारायचे, सहापासून का? तर तरुण, निरोगी माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की त्याच्या नाडीच्या ठोक्यांचा अंदाज यावा म्हणून. सहा म्हणजे स्वस्थ बसलेला, साठ ठोके. तेरा म्हणजे जरा जड, सतरा म्हणजे फार जड. वीसच्या पुढे काही नाही. तर मेंदू शिणवून सायकलवर बसलेल्यांना सुरुवातीपासूनच काम जास्त जड वाटत होतं. ‘आता पुरे’ म्हणायची पातळी दोन्ही दिवशी एकच होती, एका दिवशी ती लवकर आली एवढंच.

पुढच्या वर्षी मार्कोरांनी आणखी खोडकर प्रयोग केला. दहा रग्बी खेळाडूंना २४२ वॉटच्या आसपास, ‘आता एक फेरासुद्धा नाही’ म्हणेपर्यंत सायकल मारायला लावली. साधारण साडेदहा मिनिटांत सगळे गळाले. आणि गळाल्या गळाल्या, उसंत न देता सांगितलं, आता फक्त पाच सेकंद, अंगात असेल नसेल तेवढा जोर लाव. त्या पाच सेकंदांत सरासरी ७३१ वॉट निघाले! ज्या पायांना क्षणापूर्वी २४२ पेलवत नव्हते त्यांनी त्याच्या तिप्पट काढले. ताज्या दमात हेच पाय याहून बरंच जास्त काढत होते, म्हणजे स्नायू थकले होते यात शंका नाही. पण संपले नव्हते.

यावर वादही झाला. पायडल फिरवायचा वेग दोन्ही वेळा सारखा नव्हता, मग तुलना कशी करता, असा आक्षेप आला आणि तो मला वाजवी वाटतो. शिणलेल्या मेंदूच्या प्रयोगांबद्दलही सावध राहा. २०२० मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी असे सगळे अभ्यास एकत्र करून तपासले. लहान नमुने आणि छापून येणारे सोयीचे निकाल यांचा हिशेब धरल्यावर परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा राहत नाही, असं त्यांना दिसलं. माझ्या विषयाला हे नवं नाही. ‘इच्छाशक्ती वापरली की खर्च होते’ ही कल्पना मी कित्येक वर्षं वर्गात ऐटीत शिकवली जात असलेली पाहिली. २०१६ मध्ये वीसहून जास्त प्रयोगशाळांनी मिळून तिच्यामागचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा हाती जवळजवळ शून्य आलं. तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत लॅपटॉपपुढे बसल्यामुळे तुझी रविवारची मॅरेथॉन बुडाली, असं मी म्हणणार नाही. हातभार लागला असेल, फार तर.

मला मार्कोरांचं पटतं ते दुसऱ्या कारणाने. त्यांनी आधार घेतला जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. ब्रेम यांचं म्हणणं असं, की माणूस कष्ट उपसतो ते दोन अटींवर. मिळणारी गोष्ट तेवढ्या कष्टांच्या लायकीची वाटली पाहिजे आणि ती मिळणं शक्य वाटलं पाहिजे. यातली एक अट जरी सुटली तरी माणूस हात आखडता घेतो. म्हणजे थांबणं हा निर्णय असतो. तो पायांची कैफियत ऐकूनच घेतला जातो, पण घेतो आपण.

आता तुझं ते वाक्य. तू म्हणालीस, ‘बत्तिसाव्याला घड्याळ बघितलं, साडेचार तास काही होत नाहीत हे कळलं, मग कशाला अर्थच राहिला नाही.’ आणि लगेच पुढे पेडर रोडच्या चढाचं वर्णन सुरू केलंस. बाई गं, चढ तीन किलोमीटर पुढे होता!

डेव्हिन पोप, जॉर्ज वू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मॅरेथॉन पुरी करणाऱ्यांच्या जवळपास एक कोटी वेळा जमवून छापल्या. इतक्या माणसांच्या वेळा मांडल्या की एक गुळगुळीत टेकडी दिसायला हवी. दिसते ती ठिकठिकाणी तुटलेली. तीन तास, साडेतीन, चार, साडेचार, या आकड्यांच्या जरा अलीकडे माणसांची गर्दी आणि पलीकडे अचानक विरळ. तीन एकोणसाठला पोचणारे खूप, चार शून्य एकला पोचणारे कितीतरी कमी. शरीराला कुठे माहीत असतं घड्याळात चार तास झाले की साडेचार? आणि ही गर्दी नुसत्या आधीपासूनच्या आखणीने होत नाही. चाळिसाव्या किलोमीटरनंतरच्या शेवटच्या सव्वादोन किलोमीटरमध्ये, जिथे सगळेच मंदावतात, तिथे आकडा हाताशी असलेले लोक इतरांपेक्षा वेग राखतात, काही तर वाढवतात. आकडा निसटलेल्यांच्या पायांत तो जोर सापडत नाही. तो आकडा थोडक्यात गाठणं आणि थोडक्यात हुकणं यांत माणसाला मिनिटाभराचा फरक दिसत नाही, नफा आणि तोटा दिसतो.

आपल्याला हे समजायला कोटीभर वेळा लागू नयेत. १२ मार्च २०११ ला नागपूरला सचिनचं नव्व्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक झालं आणि शंभरावं झालं ते १६ मार्च २०१२ ला मिरपूरला. त्या वर्षभरात त्याच्या चांगल्या खेळीसुद्धा आपण ‘हुकलं’ म्हणून मोजत होतो. तुझे बाबा त्यात आघाडीवर होते.

तर माझं मत असं आहे. तुझ्याकडे त्या सकाळी एकच भाव ठरलेला होता: साडेचार तास. बत्तिसाव्या किलोमीटरला तो माल बाजारातून उठला, आणि त्यानंतर प्रत्येक पावलाला पडणारी किंमत तुला फुकट मोजल्यासारखी वाटू लागली. पेडर रोडवर तू बसलीस तेव्हा निर्णय जुना झाला होता. पाय खोटं बोलत नव्हते, पण तेच पाय चार तास पंचवीस मिनिटांच्या वाटेवर असते तर त्यांचं गाऱ्हाणं तू ऐकून घेतलं नसतंस.

आता हे वाचून दादा म्हणेल, ‘बघ, मीही तेच म्हणत होतो, मनाचा खंबीरपणा!’ त्याला हे पत्र दाखव आणि पुढचं मुद्दाम वाचून दाखव. १३ जुलै १९६७ ला टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्प्सन हा ब्रिटिश सायकलपटू कोसळला. त्याला पुन्हा सायकलवर बसवलं, थोडं अंतर गेला, पुन्हा पडला, आणि गेला. प्रचंड ऊन होतं, अंगात ॲम्फेटामाइन आणि दारू सापडली. मनाने तो कुणापेक्षाही कच्चा नव्हता. २००५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात, ब्रसेल्सच्या संशोधकांचाही त्यात हात होता, सायकलपटूंना मेंदूवर काम करणारं एक औषध देऊन उन्हाळी उकाड्यात सायकल मारायला लावली. ते जास्त जोरात गेले, त्यांतल्या बहुतेकांच्या शरीराचं तापमान ४० अंशांपर्यंत किंवा त्याच्या वर गेलं आणि त्यांना काम मात्र औषधाविनाच्या दिवसापेक्षा जड वाटलं नाही. जड वाटणं बंद पाडलं तर काय होतं ते हे. मुंबईच्या जानेवारीतही साडेनवानंतर समुद्राकाठचा दमटपणा काही गंमत नसते. तेव्हा तू बसलीस यात मला लाजिरवाणं काही दिसत नाही. फक्त कोणत्या कारणाने बसलीस ते तुला ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं.

आता कामाचं. साताऱ्याच्या हिल हाफचं नाव नोंदवते आहेस असं वहिनी म्हणाली. यवतेश्वरचा घाट आहे तो, तिथे मुंबईची गणितं चालायची नाहीत. मनाशी एक आकडा धरून जाऊ नकोस, तीन धर. एक जमलं तर उत्तम असा, एक चालेल असा, आणि एक वेळेशी संबंधच नसलेला, उदाहरणार्थ घाटात एकदाही चालायचं नाही. पहिला गेला तरी पुढच्या किलोमीटरला विकत घ्यायला काहीतरी उरलं पाहिजे.

दुसरं, स्वतःशी बोलायची वाक्यं आधीच ठरवून ठेव. बँगरच्याच लोकांनी २०१४ मध्ये दाखवलं की दोन आठवडे अशी वाक्यं घोटून आलेले सायकलवर सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले आणि त्यांना कामही कमी जड वाटलं. नमुना चोवीस जणांचा, तेव्हा जरा जपूनच घे. पण फुकटातली गोष्ट आहे. इंग्रजी पोस्टरवरची वाक्यं नकोत मात्र. तू लहानपणी पर्वती चढताना जे बडबडायचीस तसलं काहीतरी चालेल.

तिसरं, येऊरच्या चढावर सराव करशील तेव्हा घड्याळ घरी ठेव. दर वळणावर बोर्गच्या पट्टीतला आकडा मोठ्याने म्हण, परतल्यावर वहीत लिही, आणि त्या दिवशी ऑफिसात काय काय झालं तेही शेजारी एका ओळीत लिही. महिन्याभराची पानं झाली की फोटो काढून पाठव. बाकीच्यांच्या सरासऱ्या मी भरपूर वाचल्या आहेत, तुझे आकडे मला बघायचे आहेत.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या

ता. क. कोचला सांग, २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सायकलपटूंना साखरेसारख्या पिठूळ द्रवाने नुसती चूळ भरायला लावली, गिळू दिलं नाही, तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांची कामगिरी सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. त्याच सुमारास साखर थेट शिरेत सोडून पाहिली तर काही फायदा झाला नाही. पण हे तासाभरापुरतं. साताऱ्याला तू दोन तासांच्या वर लावणार, तेव्हा थुंकू नकोस, गिळ.