स्निकेट उशाशी
टायफॉइडने अंथरुणाला खिळले, तेव्हा भाचीने लेमनी स्निकेटची पुस्तकं उशाशी आणून ठेवली. डॅनियल हँडलरने या टोपणनावाने १९९९ ते २००६ दरम्यान लिहिलेली तेरा पुस्तकं. मलपृष्ठावरच लेखक बजावतो, हे वाचू नका. बॉडलेअर भावंडं अनाथ, काउंट ओलाफ त्यांच्या पैशावर टपलेला आणि पालकत्व सोपवणारे मिस्टर पो नुसते खोकत राहतात. हसू यायचं, मागोमाग पोटात कालवाकालव.

भेटायला येणारे ‘सगळं ठीक होईल’ म्हणत. स्निकेट तसं म्हणत नाही. संकट आलं की भावंडांपैकी व्हायलेट रिबिनीने केस बांधून विचाराला लागते, क्लाऊस पुस्तकं धुंडाळतो. वाचून संकट टळत नाही. घाबरलेल्या डोक्याला काम मिळतं, इतकंच. तेवढं पुरतं का, कोण जाणे. भाची म्हणते, ‘‘मावशी, आधी शेवटचं वाच, मग बोलू.’’