बोडीवरची सही

गेल्या फाल्गुनात धाकट्या भावाचा फोन आला. “बाई, बोडी बुजवाची म्हंतो. सातबाऱ्यावर तुजं नाव हाये, तुजी सही लागते.” मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी त्या वेळी टाकीत काठी बुडवून किती पाणी उरले आहे ते पाहत होते. त्यातली विसंगती फोन ठेवल्यावर ध्यानात आली.

बोडी म्हणजे काय, हे मराठवाड्यात सांगावे लागते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला, शेतातच राखलेले लहान तळे म्हणजे बोडी. एकदा वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून ‘बॉडी’चा अपेक्षित विनोद झाला. माझे माहेर साकोलीकडचे. पावसाचे मान इथल्याच्या जवळजवळ दुप्पट. पण तो पडतो चार महिन्यांत, आणि खालच्या कठीण खडकामुळे बराचसा वाहून जातो. तो अडवण्यासाठी तिथल्या माणसांनी हजारो तलाव बांधले. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालची जमीन द्यावी, असा प्रघात होता असे परंपरा सांगते. या कामात निष्णात ठरला तो कोहळी समाज. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय याच परंपरेतला. कोलू पाटील कोहळी हे नाव त्याच्याशी जोडले जाते. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे तो मराठी वाचकाला परिचित आहे. पण आपण तो बहुधा पक्ष्यांचा तलाव म्हणून वाचला, पाण्याच्या व्यवस्थेचा भाग म्हणून क्वचितच.

माझ्या मते खरी गोष्ट त्या व्यवस्थेत आहे. हे तलाव पुष्कळ ठिकाणी सुटे नाहीत. आमच्या गावाच्या वर जंगलाला लागून एक तलाव आहे. तो भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात उतरते. तोही भरला की नाल्याने आमच्या बोडीत, बोडीतून खालच्या बांध्यांत, आणि पुढे चुलबंदमार्गे वैनगंगेत. पाळीच्या पोटातल्या तुडुमातून हवे तेवढे पाणी सोडायचे आणि जादा झालेले सांडव्यावरून पुढे जाऊ द्यायचे. वरच्याचा सांडवा हीच खालच्याची आवक. लहानपणी श्रावणात ‘वरचा सांडला’ अशी हाळी ऐकू आली की बाबा पावसात फावडे घेऊन निघत. आपल्याकडे पाणी येणार एवढाच अर्थ तेव्हा मला कळे. ते पुढे कुणाकडे जाते, याची वाट मोकळी करायला बाबा निघत, हे फार उशिरा कळले.

आमच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या सहकाऱ्यांनी अध्यापक-कक्षात उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांचा उभा छेद लावला आहे. पाच नावे पाठ करून आपण परीक्षा दिल्या. परंतु पाचांमधला उतार कुणी दाखवला नव्हता. सुपीरियरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर, शेवटच्या ऑन्टारिओची ७५च्या आसपास. मधे ईरीतून ऑन्टारिओत उतरताना नायगाराचा धबधबा. मिशिगन आणि ह्यूरन तर एकाच पातळीवर, सामुद्रधुनीने जोडलेली. पाण्याच्या हिशेबाने ते एकच सरोवर. १९०० साली शिकागोने आपल्या नदीचा प्रवाह उलटवला आणि मिशिगनचे पाणी मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळवले. सरोवरांकाठची इतर राज्ये न्यायालयात गेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला किती पाणी उचलावे याची मर्यादा घालून द्यावी लागली. त्या छेदासमोर चहा पिताना मला जगातली सर्वांत मोठी सरोवरे दिसत नाहीत, आमचा नाला दिसतो.

आमच्याकडे मात्र साखळी कागदावर तुटली. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ते योग्यच झाले. मालगुजाराच्या ओटीवर कुणाचा मान कसा राखला जाई, हे आजीकडून ऐकले आहे. तलाव सरकारचे झाले, ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. पुढे त्यांची वाटणी सिंचनक्षमतेवरून झाली: १०० हेक्टरांपर्यंतचे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाणी ज्या क्रमाने वाहते तो क्रम या वाटणीत कुठेच नाही. एकाच नाल्यावरचे दोन शेजारी तलाव दोन दप्तरांत गेले. बोडी तर खाजगीच. ती माझ्या आणि भावाच्या नावावर.

मुकुंदवाडीत येऊन मला अठरा वर्षे झाली. आमच्या नळाचे पाणी पैठणच्या जायकवाडीचे, आणि जायकवाडीचे पुष्कळसे भवितव्य वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी किती सोडले यावर. म्हणजे इथे मी साखळीच्या अगदी शेपटाला आहे. २०१९च्या उन्हाळ्यात याच वस्तीतली काही मुले हंडे-कळशा घेऊन मुकुंदवाडी स्थानकावरून रेल्वेने तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकावर पाणी भरायला जात. त्या वर्षी वरच्या धरणांविषयी स्टाफरूममध्ये मी तावातावाने बोलत असे. आता खालच्या दीड एकरावर धान लावणाऱ्या म्हातारीच्या दृष्टीने वरचे धरण मीच आहे.

भावाला मी विचारले, बोडी बुजली तर त्या बाईच्या बांधीत पाणी कुठून जाईल? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गादेनं अर्धी भरलीच हाये. मी बोअर मारलं. तुले एवढंच वाट्टे त येऊन गाद काड.” यात चूक काहीच नाही. तिथे राहतो तो. पोरीच्या शिक्षणाची फी तो भरतो. मी वर्षातून एकदा जाते आणि पाळीवर उभी राहून जुने शब्द गोळा करते. गाळ काढायला यंत्र लावायचे तर त्याचे भाडे माझ्या दीड पगाराच्या घरात जाते, असा हिशेब त्याने पाठवला आहे. मी तो दोनदा तपासला, बरोबर आहे.

हक्कसोडीचा कागद टेबलाच्या खणात आहे. मृग लागण्याआधी काय ते कळव, असे भाऊ म्हणतो. आज नळाचा वार आहे, खाली मोटार लावायला जायचे आहे.