एक काटा, दोन देह

फिजीची राजधानी सुवा हे बंदराचे शहर. बसस्थानक, धक्का आणि भाजीबाजार येथे एकमेकांना खेटून आहेत. शनिवारी सकाळी या बाजारात पाऊल टाकले, की कोकणातून आलेल्या माणसाला फारसे परके वाटत नाही. अळूचे भलेमोठे कंद, नारळांच्या राशी, नीरफणस, केळ्यांचे घड आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा. वरच्या मजल्यावर जिरे-मोहरी-हळदीचा दरवळ आणि शेजारीच ‘यांगोना’ नावाच्या मुळांच्या जुड्या. ही मुळे कुटून पाण्यात कालवतात आणि ते पेय नारळाच्या करवंटीतून आलेल्या-गेलेल्याला देतात.

विकणाऱ्यांकडे पाहिले, की आणखी एक गोष्ट लक्षात येते. एका फळीमागे मूळची फिजियन आजी बसलेली असते. रुंद खांद्यांची, भरदार दंडांची, दाट कुरळ्या केसांची. तिच्याच शेजारी भारतीय वंशाची आजी. बारीक हाडांची, सडपातळ, मनगटात बांगडी सैल फिरणारी. या दोघींपैकी प्रकृतीने सुखरूप कोण? आपली नजर क्षणात उत्तर देऊन मोकळी होते. ते उत्तर किती घाईचे असते, हे या बेटांइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे शिकायला मिळत असेल.

पॅसिफिक महासागरातील माणसांचे तीन गट युरोपीय नकाशांवर रुळले ते द्युमाँ द्युरव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीमुळे. १८३२ मध्ये त्याने पॉलिनेशिया, मायक्रोनेशिया आणि मेलानेशिया अशी विभागणी मांडली. यातील मेलानेशिया म्हणजे ‘काळी बेटे’. नावातच त्वचेचा रंग. प्रत्यक्षात फिजी या रेषांत बसत नाही. पश्चिमेकडील डोंगराळ भागातून पूर्वेच्या लाऊ बेटांकडे जावे, तसतसे चेहरे आणि बांधा टोंगाच्या लोकांकडे झुकू लागतो. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नक्षीदार मातीची भांडी घडवणारे ‘लापिता’ लोक होड्यांतून येथे पोहोचले. पुढे पापुआकडील लोक त्यांच्यात मिसळले. त्या मिश्रणाच्या कमी-अधिक छटा आजही माणसांच्या चेहऱ्यांवर दिसतात.

दिसण्यावरून वंश ठरवण्याची खोड कशी फसवते, याचे एक उदाहरण वायव्येकडील सॉलोमन बेटांवर भेटते. तेथे गडद काळ्या वर्णाच्या काही मुलांचे केस सोनेरी असतात. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने केस भुरे झाले असावेत, किंवा कोणी युरोपीय पूर्वज असावा, असे तर्क पुष्कळ काळ चालले. २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवले, की याचे कारण एका जनुकातील बदल आहे आणि तो युरोपीयांच्या सोनेरी केसांमागील बदलांहून निराळा आहे.

शरीराच्या आकाराचेही असेच आहे. पॉलिनेशियन माणूस साधारणपणे मोठ्या हाडापेराचा आणि स्नायूंनी भरलेला असतो. उघड्या होडीत ओल्या वाऱ्यात आठवडेच्या आठवडे काढणाऱ्यांत ऊब धरून ठेवणारे थोराड शरीरच टिकले असावे, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. मात्र एवढे मोजून पाहिलेले आहे, की उंची आणि वजन सारखेच असेल, तर पॉलिनेशियन शरीरात युरोपीय शरीरापेक्षा चरबी कमी व स्नायू अधिक असतात आणि भारतीय शरीरात नेमके उलट असते. २०१६ मध्ये सामोआ बेटांवरील अभ्यासातून आणखी एक नवल पुढे आले. तेथील सुमारे ४५ टक्के लोकांत आढळणारा एक जनुकीय बदल वजन वाढवतो खरा. पण तो ज्यांच्यात आहे, त्यांना मधुमेहाचा धोका काहीसा कमी असतो.

आता पुन्हा सुवाच्या बाजारातील त्या दुसऱ्या आजीकडे वळू. तिचे पूर्वज गिरमिटिया. ‘ॲग्रिमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. १८७९ मध्ये ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून मजुरांची पहिली तुकडी घेऊन आले आणि १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार भारतीय येथील उसाच्या मळ्यांसाठी आणले गेले. १९८० च्या सुमारास फिजीत मधुमेहाची मोठी पाहणी झाली. शिडशिडीत भारतीय वंशीयांत या विकाराचे प्रमाण थोराड फिजियनांहून कितीतरी अधिक निघाले. विशेष म्हणजे, शेतात राबणारे खेड्यातील भारतीयही शहरातील भारतीयांइतकेच त्याच्या विळख्यात होते.

याचा अर्थ थोराड माणसाने निश्चिंत राहावे, असा नाही. अळू आणि मासळीच्या जागी पांढरा पाव, डबाबंद मांस आणि साखरपाणी आले, तसा मधुमेह मूळ फिजियन घरांतही शिरला. स्वस्त, चरबीदार आयात मांसाची धास्ती एवढी, की २००० साली फिजीने मेंढीच्या पोटाकडील मांसाच्या विक्रीवर बंदी घातली. देहाची ठेवण निराळी असली, तरी ताटातील बदल कोणालाच सोडत नाही.

फिजीतील ही गाठ उकलायला पुण्याची मदत होते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन व उंचीचे गुणोत्तर, अगदी सारखा: २२.३. शरीरातील चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बाळांच्या अभ्यासातही हेच दिसले. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी, स्नायूंनी उणी. पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून कृश, आतून स्थूल अशी ही ठेवण आईच्या पोटापासूनच सुरू होते.

म्हणूनच ‘आमचे आजोबा काटक आहेत, त्यांना कसली साखर!’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या वाक्यावर फार विसंबू नये. आशियाई लोकांच्या बाबतीत बीएमआय २३ च्या वर गेला, की सावध व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवले आहे. इतरत्र ही रेषा २५ वर असते. काट्यापेक्षा शिवणकामाची टेप अधिक खरे बोलते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. अंगाने बारीक असलेल्यांनीही रक्तातील साखर डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित तपासावी.

वयोवृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सत्तरीनंतर काट्यावरचा आकडा उतरला, म्हणून आनंद मानू नये. उतरलेले वजन अनेकदा स्नायूंचे असते आणि आपल्याकडे ती पुंजी मुळातच तोकडी. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का, हे अधूनमधून पाहावे. पथ्य नसेल तर जेवणात वरण, उसळ, दही, अंडे यांपैकी काही रोज असावे. झेपेल तेवढे चालावे, झेपेल तेवढे उठबस करावी. कारण नसताना वजन घटू लागले, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

दुपार कलते, तसा सुवाचा बाजार ओसरतो. कंद तोलणारा काटा दोघींच्या फळीवर एकच असतो आणि कंदांपुरता तो चोखही असतो. माणसाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर सारे सोपवू नये. दोघी आज्या उरलेला माल आवरतात, करवंटीतून घोटभर कावा घेतात आणि आपापल्या बसकडे निघतात. त्यांची प्रकृती विचारायची, तर नुसती नजर पुरणार नाही. जवळ बसून, टेप आणि तपासणीचा कागद हाती घेऊनच ती विचारावी लागेल.