माशी आणि खांच

उपकरणाचा दोष कोणता आणि तें हाताळणाऱ्याचा दोष कोणता, हें निवडून काढल्यावांचून दुरुस्तीस हात घालूं नये, असें मी वर्गांत ३२ वर्षें सांगत आलों. या बोधाचें उत्तम उदाहरण मला यंदां एका बंदुकीपाशीं पाहावयास मिळालें.

आमच्या घरीं थोरल्या काकांच्या वेळची एक शिकारी रायफल आहे. हल्लीं तिचा परवाना धाकट्या बंधूंच्या नांवें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, तेव्हांपासून ती कपाटांतच होती. परंतु यंदां रानडुकरांनीं भुईमुगाचें शेत उकरून टाकलें आणि बंधूंना वनखात्याची रीतसर लेखी परवानगी मिळाली. तेव्हां मातोश्रींनीं एकच अट घातली : "मारणें भागच असेल तर एका गोळींत संपवा, जखमी जीव रानांत कण्हत फिरतां कामा नये." म्हणून बंधू आधीं रायफल क्लबाच्या मैदानावर गेले, आणि हिशेबनीस या नात्यानें मीहि बरोबर गेलों.

या रायफलीस दुर्बीण नाहीं. नळीच्या टोकास उभी माशी, आणि डोळ्याच्या बाजूस एक खांच. माशीचा माथा खांचेच्या कडांशीं समपातळींत आणून दोहों बाजूंस सारखा उजेड ठेवावयाचा, कीं नेम धरला गेला. अर्जुनास पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, असें आपण मुलांना सांगतों. येथें मात्र उलट आहे. खांच, माशी आणि लक्ष्य हीं तिन्ही मनुष्याच्या डोळ्यास एकाच वेळीं स्पष्ट दिसत नाहींत. म्हणून दृष्टि माशीवर ठेवावी आणि लक्ष्य किंचित् धूसर राहूं द्यावें. माशी केसभर ढळली तरी ती चूक अंतराबरोबर वाढत जाते.

बंधूंनीं रायफलीच्या लांकडाचा पुढला भाग वाळूच्या पिशवीवर टेकला. नळी टेकूं नये, कारण मग बाराच्या वेळचें तिचें कंपन बदलतें व गोळी भलतीकडे जाते. लक्ष्य ५० मीटरांवर होतें. पहिली गोळी डावीकडे लागलेली पाहून पुतण्या लगेच खांच सरकवूं म्हणाला. मीं त्यास थांबविलें. एका उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थी ठरत नाहीं, तशी एका गोळीवरून रायफलहि ठरत नाहीं. एकाच जातीचीं पांच काडतुसें तोच बिंदु धरून उडवावीं. छिद्रें विखुरलीं तर दोष बहुधा श्वासाचा, खांद्याचा किंवा चाप हिसकण्याचा. त्यास खांच सरकविणें हा उपाय नव्हे. छिद्रें जवळजवळ पडूनहि त्यांचा झुबका एका बाजूस राहिला, तरच खांचेस हात लावावा.

झुबका मध्यापासून १० सेंटिमीटर डावीकडे पडला. पुढें साधें त्रैराशिक. माशी व खांच यांतील अंतर ५० सेंटिमीटर. लक्ष्य त्याच्या शंभरपट दूर. तेव्हां १० सेंटिमीटरांचा शंभरावा भाग, म्हणजे १ मिलिमीटर, खांच उजवीकडे सरकली पाहिजे. गोळी जिकडे न्यावयाची तिकडे खांच, आणि माशी हलवावयाची असल्यास उलट दिशेस, हा नियम; उंचीसहि तोच. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, मूळ जागेची पेन्सिलीनें खूण करून, बंधूंनीं पितळेच्या दांडीनें हलके ठोके दिले. पितळ मऊ, त्यामुळें पोलादास ओरखडा पडत नाहीं.

नंतरच्या पांच गोळ्या मध्याभोंवतीं ८ सेंटिमीटरांच्या वर्तुळांत आल्या. पुतण्यास वाटलें, आतां शंभर मीटरहि सहज. परंतु तेथें तेंच वर्तुळ निदान १६ सेंटिमीटरांचें होणार. गोळीची वाटहि सरळ रेषा नसून कमान असते. शिवाय शेताच्या बांधावर, रात्रीच्या दमानंतर, हात वाळूच्या पिशवीइतका स्थिर कोठून असणार? बंधूंनीं तेथल्या तेथें ठरविलें कीं, ५० मीटरांपलीकडे बार टाकावयाचा नाहीं, मग सारें शेत गेलें तरी चालेल.

मातोश्रींना हें सांगितलें, तेव्हां त्यांनीं मान हलविली आणि पोथी पुढें वाचावयास घेतली. माझ्या मतें त्या दिवशींचें खरें काम खांच सरकविण्याचें नव्हतेंच. आपला नेम कोठवर पोहोंचतो हें मोजून तेथें थांबण्याचें होतें.